वाकणारे अंग आणि न वाकणारे कापड

राजवस्त्रांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. घामाने भिजलेल्या विजारीचा इतिहास लिहावा असे मात्र फार थोड्यांना वाटले. मला कष्टकऱ्याचे वस्त्रच अधिक बोलके वाटते. कारण त्यात एक जुने भांडण दडलेले आहे. कापड टिकावे, की अंगाला सुख व्हावे?

इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला, असे सांगतात. ते जाडेभरडे सुती कापड खलाशांनी अंगावर चढवले आणि त्याचे नाव सातासमुद्रांपलीकडे गेले. टिकायचे असेल तर जाड आणि ताठ असलेच पाहिजे, हा त्या काळचा न्याय होता.

अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावी, १८७० च्या सुमारास, एक बाई जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याकडे आली. लाकडे तोडणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या विजारी टिकत नव्हत्या. घोड्यांच्या झुलींसाठी ठेवलेले तांब्याचे रिव्हेट डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. कापडव्यापारी लीव्हाय स्ट्रॉस याच्या भागीदारीत २० मे १८७३ रोजी त्याला त्याचे पेटंट मिळाले.

फाटणे कमी झाले. पण आवळणे थांबले नाही. माणूस उकिडवा बसला, की गुडघ्यावरची आणि कमरेखालची कातडी ताणते. ताठ कापड ताणत नाही. मग सारा ओढा आसनाच्या शिवणीवर येतो. आपल्या धोतराने आणि कासोट्याच्या लुगड्याने हा प्रश्न शिवणीविनाच सोडवला होता. भातलावणीत दिवसभर वाकणाऱ्या बाईला लुगड्याच्या घड्याच मोकळीक देत. शिंपी आसनात कळी घालीत, तीही याचसाठी.

१९५८ साली व्हर्जिनियातल्या वेन्सबरो येथे ड्यू पाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स याने पाचपट ताणून पुन्हा पूर्ववत होणारा धागा सिद्ध केला. लायक्रा तो हाच. हवा होता बायकांच्या आवळ अंतर्वस्त्रांतील रबराला पर्याय; पुढे तो कामकऱ्याच्या विजारीतही शिरला. या धाग्याभोवती कापूस कातला, की घासणे कापूस सोसतो आणि ताण आतला धागा. आडव्या सुतात असा धागा घातला, की शेकडा दोन-तीन भागही पुरतात.

परंतु फुकट काहीच मिळत नाही. क्लोरीनच्या विरंजकाने आणि कडक उष्णतेने हा धागा दुबळा होतो. मग गुडघ्यावर फुगलेली विजार पुन्हा जागेवर येत नाही. ताणणाऱ्या कापडावर न ताणणारे ठिगळ लावले, तर ते कडेने उसवते. ठिणग्यांत काम करणाऱ्या वेल्डरला तर वितळणाऱ्या धाग्यांपेक्षा जाड सूत आणि चामडेच बरे.

म्हणून नव्या कापडाची परीक्षा दुकानातल्या आरशापुढे होऊ नये, असे मला वाटते. ते घालून उकिडवे बसावे, शिडी चढावी. आणि शेवटचा कौल ते धुणाऱ्या, सांधणाऱ्या हातांना विचारावा. रीनोच्या त्या बाईने नेमके हेच केले होते.