भीमा–घोड खोऱ्यातील आहार, श्रम आणि शरीरयष्टी

भीमा–घोड खोऱ्यातील आहार, श्रम आणि शरीरयष्टी हा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील, मुख्यत्वे शिरूर व दौंड तालुक्यांतील, लोकांच्या उंचीचा व शरीरबळाचा त्यांच्या अन्नाशी आणि कामाशी असलेल्या संबंधाचा विषय आहे. या भागात इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातील मानवी सांगाडे आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेल्या बालकांची मोजमापे, अशी दोन्ही टोकांची साधने उपलब्ध आहेत. एका लहानशा प्रदेशाबाबत असा योग क्वचितच जुळून येतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे. वर्षाकाठी सरासरी ५०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा असतो. कोरडवाहू भागात बाजरी, ज्वारी, हुलगा व मटकी ही जुनी पिके आहेत. पुणे–सोलापूर लोहमार्गावरील खुटबाव, यवत, केडगाव या दौंड तालुक्यातील गावांच्या पट्ट्यात कालव्याच्या पाण्यामुळे ऊस वाढला व गुऱ्हाळे उभी राहिली. घोड नदीकाठच्या शिरूरमध्ये मात्र बागायती आणि जिरायती शिवारे शेजारीशेजारी दिसतात.

इनामगावचा पुरावा

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे, घोड नदीच्या उजव्या तीरावर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखालील या कामातून ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे तीन कालखंड स्पष्ट झाले: माळवा (सुमारे इ.स.पू. १६००–१४००), पूर्व जोर्वे (इ.स.पू. १४००–१०००) आणि उत्तर जोर्वे (इ.स.पू. १०००–७००).

पूर्व जोर्वे काळातील इनामगाव हे स्थिरावलेले शेतकऱ्यांचे गाव होते. जव, म्हणजे सातू, हे मुख्य धान्य असून गहू, मसूर, वाटाणा, हुलगा आणि वालही पिकत. पाण्यासाठी बांध व पाट होता. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घरालगत धान्याचे कोठार होते. गुरे, शेळ्या-मेंढ्या, शिकार व मासे यांचीही अन्नात भर पडत असे. इ.स.पू. १००० च्या सुमारास हे चित्र पालटले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाची शेती मागे पडली आणि लोक मेंढपाळी, शिकार व रानातील फळे-कंद यांवर अधिक विसंबू लागले.

या लोकांची शरीरे कशी होती हे त्यांच्या दफनांवरून कळते. घरांच्या जमिनीखाली व अंगणात दोनशेहून अधिक दफने सापडली. त्यांत मुलांची संख्या मोठी आहे. तान्ह्या मुलांना तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांत पुरले जाई. प्रौढांना खड्ड्यात उत्तर-दक्षिण निजवीत आणि बहुधा त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. पावले नसली तरी उंचीचा अंदाज करता येतो, कारण तो प्रामुख्याने मांडीच्या हाडाच्या लांबीवरून बांधला जातो. स्नायू जिथे जोडलेले असतात तिथल्या हाडावरील उंचवटे श्रमाचे प्रमाण सुचवतात. दाताच्या लुकणावरील खाचा बालपणी आलेल्या उपासमारीची वा आजाराची नोंद ठेवतात, आणि ही नोंद पुढे कधीही पुसली जात नाही. या सांगाड्यांचा सविस्तर अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला.

शेतीच्या आगमनानंतर अनेक प्रदेशांत माणसाची सरासरी उंची घटली, हे पुरामानवशास्त्राचे परिचित निरीक्षण आहे. एकाच धान्यावरील भिस्त, दाट वस्ती आणि त्यातून पसरणारे रोग ही त्याची कारणे सांगितली जातात. गंगेच्या मैदानातील सराय नाहर राय व महादहा येथील मध्याश्मयुगीन शिकारी लोक उंच व दणकट होते, याची तुलना या संदर्भात हमखास येते. या विचारानुसार शेती मागे पडली की शरीर पुन्हा सुधारावे. इनामगावला तसे झाले नाही. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील बालकांच्या हाडांचा अभ्यास करून २०११ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना उत्तर जोर्वे काळातील मुलांत वाढ खुंटल्याच्या व कृशतेच्या खुणा आढळल्या. ढवळीकरांनी या उतरणीचे कारण वाढते अवर्षण हे मानले होते. रॉबिन्स शुग यांना ते पुरेसे वाटले नाही, आणि त्यांनी जमिनीच्या अतिवापराकडे लक्ष वेधले. हा वाद संपलेला नाही. मात्र इनामगावकरांनी रानाचा आधार निवडीने नव्हे तर टंचाईने घेतला असेल, तर त्या अन्नाने मुले उंच व्हावीत अशी अपेक्षाच चुकीची ठरते.

दळण आणि बाहुबळ

उंची आणि बळ यांचा इतिहास एकाच दिशेने जात नाही. मध्य युरोपातील नवाश्मयुगीन शेतकरी स्त्रियांच्या दंडाची हाडे आजच्या नौकानयनपटू स्त्रियांपेक्षाही मजबूत होती, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मशागत आणि विशेषतः दगडावर रोज करावे लागणारे दळण ही त्याची संभाव्य कारणे मानली गेली. इनामगावातही फिरते जाते नव्हते. धान्य पाट्यावर पुढे-मागे रगडले जाई. जाते दख्खनमध्ये नंतर आले आणि विसाव्या शतकात पिठाच्या गिरणीने त्याची जागा घेईपर्यंत पहाटेचे दळण हा स्त्रियांचा नित्याचा व्यायाम राहिला. त्याला व्यायाम म्हणणे हे अर्थात आजचे बोलणे आहे. अर्धपोटी बाईच्या बाबतीत तो अंगातली शक्ती खर्च करणारा श्रमच होता.

पुरुषांच्या तालमीत श्रमाला खुराकाची जोड असे. जोर, बैठका आणि लढतीसोबत दूध, तूप, बदामाची थंडाई व मांसाचा रस्सा हा मल्लांचा परंपरागत आहार आहे. हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर खुराकाने उंची वाढत नाही, परंतु स्नायू वाढतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवले. बळ म्हणजे थोराड देह नव्हे, याचे ते मराठी मुलखातील सर्वपरिचित उदाहरण आहे.

दुष्काळ

१८७६–७८ च्या दुष्काळात सरकारी कामांवरील मजुराला दिवसाकाठी १ पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्य आणि थोडे पैसे पुरेत असे सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवले. खडी फोडणाऱ्या माणसाला हे अपुरे होते. मुंबई इलाख्यात मजुरांनी या कपातीविरुद्ध कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढच्या, १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील निराधार मुलींना आणून केडगाव येथे आश्रय दिला. १९७२ च्या दुष्काळात मदतकार्यांवर सुकडी वाटली गेली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते.

गर्भावस्थेतील आहार

इनामगावच्या हाडांतून जे अंदाजाने कळते ते जिवंत माणसांत मोजण्याचा प्रयत्न पुणे मातृपोषण अभ्यासात झाला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत तो सुरू केला. (याच रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्य केंद्र शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने उभे राहिले.) अभ्यासातील माता सरासरी १५२ सें.मी. उंचीच्या व सुमारे ४२ किलो वजनाच्या होत्या. त्यांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलोच्या आसपास होते.

आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. शोभा राव आदींनी २००१ मध्ये मांडलेला निष्कर्ष अनपेक्षित होता. आईने एकूण किती उष्मांक वा प्रथिने घेतली याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे वारंवार खाणाऱ्या मातांची बाळे मात्र मोठी होती. श्रमाचा परिणामही दिसला: गर्भारपणात शेतीकाम, पाणी भरणे अशी जड कामे अधिक करणाऱ्या मातांची बाळे लहान जन्मली. ही बाळे सर्वच बाबतींत सारखी लहान नव्हती. त्यांचे स्नायू व पोटातील अवयव कमी भरले होते, पण त्वचेखालची चरबी तुलनेने टिकून होती. अशा ‘कृश पण मेदयुक्त’ शरीराचा संबंध पुढील आयुष्यातील मधुमेहाशी जोडला जातो. बहुसंख्य मातांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही आढळली.

सद्यस्थिती

जागतिक पातळीवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेनुसार १८९६ ते १९९६ या शतकात भारतीय स्त्रियांची सरासरी उंची सुमारे ५ सें.मी., तर पुरुषांची सुमारे ३ सें.मी. वाढली. त्याच काळात दक्षिण कोरियातील स्त्रिया सुमारे २० सें.मी.ने उंच झाल्या. एवढ्या थोड्या पिढ्यांत आनुवंशिकता इतकी बदलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील वाढ खुंटलेल्या बालकांचे प्रमाण २००५–०६ मध्ये ४६.३ टक्के होते. २०१५–१६ मध्ये ते ३४.४ टक्क्यांवर आले आणि २०१९–२१ मध्ये ३५.२ टक्के नोंदवले गेले.