ऑस्टिओपोरोसिस : पहिले फ्रॅक्चर हाच इशारा

ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडांची घनता कमी होऊन ती ठिसूळ होणे. हाड मोडेपर्यंत हा आजार सहसा जाणवत नाही. मनगट, मणका आणि खुबा यांना धोका जास्त असतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना तो अधिक.

चालताना घसरून मनगट मोडले, तर प्लास्टर निघाल्यावर उपचार संपत नाहीत. पुढचे फ्रॅक्चर खुब्याचे असू शकते आणि त्यातून अनेकांना अंथरूण धरावे लागते. म्हणून डेक्सा तपासणी करून घ्यावी. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून कमी असल्यास ऑस्टिओपोरोसिस मानतात. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि मध्येच बंद करू नयेत.

आहारात दूध, नाचणी, तीळ असावेत. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी ऊन आणि रोज चालणेही हवे. बाथरूममध्ये धरायला दांडा आणि रात्री दिवा ठेवावा.

एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. ठाण्याच्या खोपट स्थानकातून गाडी पकडताना दांडा धरून चढावे आणि मागची सीट टाळावी. तिथे खड्ड्याचा हादरा जास्त बसतो आणि ठिसूळ मणका तेवढ्यानेही दबू शकतो.