अंगण नसलेली मशीद

मशीद म्हटलं की माझ्या डोक्यात एक ठरलेलं चित्र असतं. मधे मोकळं अंगण, हौद आणि पश्चिमेला नमाजाचं दालन. गुलबर्ग्याच्या (2014 पासून कलबुर्गी) किल्ल्यातल्या जामा मशिदीत शिरलो आणि अंगणच सापडेना! अख्खी इमारत छताखाली. चार कोपऱ्यांवर चार घुमट, मिहराबापुढे एक मोठा, आणि बाकी छतभर लहान घुमटांच्या रांगा. आत चौकोनी खांबांची दाटी. बाहेरच्या बाजूच्या कमानी मात्र चांगल्याच रुंद आणि बुटक्या, अगदी खालूनच वळायला लागतात. उजेड येतो तो त्यांच्यातून, आडवा.

बहामनी राज्य सुरू झालं 1347 मध्ये, आपल्या दौलताबादेत. मग राजधानी गुलबर्ग्याला आली. मशिदीच्या शिलालेखात साल निघतं 1367 आणि नाव आहे रफी, इराणातल्या कझवीनचा. पुस्तकांत वाचलं होतं की हा एक धाडसी प्रयोग, जो दख्खनमध्ये पुन्हा कोणी केला नाही. मी त्यावर माझं लॉजिक चिकटवलं होतं : इथलं ऊन, इथला पाऊस, म्हणून छप्पर. मित्रांनाही अगदी ठासून सांगायचो.

पण मग कॉपी का नाही झाली? ऊन काय फक्त गुलबर्ग्यातच पडतं? बरं, त्याच शहरातली, त्याच काळातली म्हणून ओळखली जाणारी शाह बाजार मशीद बघा, तिला व्यवस्थित अंगण आहे.

हेलन फिलॉन या अभ्यासिकेने वेगळंच सुचवलंय. तिच्या मते ही मुळात मशीद नव्हतीच. हा फिरोजशाह बहामनीचा (1397–1422) 'हजार सुतून', म्हणजे हजार खांबांचा दरबार! दिल्लीत महंमद तुघलकाचा याच नावाचा महाल होता.

म्हणजे मी डिझाइनची कारणं शोधत बसलो, आणि रिक्वायरमेंटच वेगळी असू शकते हे डोक्यातच आलं नाही. दरबाराला छप्पर लागणारच की. शिलालेखावरचं 1367 मात्र अजून अडतं. फिरोजशाह तेव्हा गादीवरसुद्धा नव्हता. तरी मला स्वतःला तिचं म्हणणं पटायला लागलंय, कारण अंगणाचं कोडं त्यात आपोआप सुटतं.

असो. पुढच्या खेपेला आधी शाह बाजार, मग किल्ला. आणि मित्रांना फोन करून ते पावसाचं प्रकरण मागे घ्यायचंय.