चांदीपुरा विषाणू : जनुकीय क्रम आणि वर्गीकरण

चांदीपुरा विषाणू : वाळूमाशीच्या (सँडफ्लाय) चाव्यातून पसरणारा आणि मुख्यतः पंधरा वर्षांखालील मुलांना मेंदूज्वर करणारा आरएनए विषाणू. गण मोनोनेगाव्हायरालीस, कुल ऱ्हॅब्डोव्हिरिडी, प्रजाती व्हेसिक्युलोव्हायरस. जातीचे सध्याचे अधिकृत नाव व्हेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा. हे नाव नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून आले आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावरचे, क्षेपणास्त्र चाचण्यांचे चांदीपूर ते वेगळे.

१९६५ मध्ये नागपूर भागात चिकुनगुन्या आणि डेंग्यूच्या तापाची साथ होती. त्या वेळी तपासलेल्या रक्तनमुन्यांपैकी दोन रुग्णांच्या नमुन्यांत एक अनोळखी विषाणू सापडला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये तो नवा विषाणू म्हणून जाहीर केला. कीटकांमार्फत पसरणारा म्हणून त्याची गणना ‘आर्बोव्हायरस’मध्ये झाली. मात्र हा शब्द वंश सांगत नाही, फक्त वाहतुकीची तऱ्हा सांगतो. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि चांदीपुरा हे तिघेही कीटकांवर स्वार होऊन येतात, पण ते तीन वेगवेगळ्या कुलांतले आहेत. चांदीपुराचे कूळ डेंग्यूचे नसून रेबीजचे आहे, आणि या नोंदीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

या नात्याचा पहिला पुरावा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिला. विषाणूचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा, एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला सपाट दिसला. ऱ्हॅब्डो म्हणजे ग्रीक भाषेत काठी. गुराढोरांच्या तोंडाला फोड आणणारा व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू याच घडणीचा असतो. पण आकारावरून कूळ कळते, घर कळत नाही. चांदीपुराची नेमकी जागा ठरवायला त्याची जनुके वाचावी लागली.

त्याचा जनुकसंच म्हणजे आरएनएचा एकच धागा, सुमारे ११,१०० न्यूक्लिओटाइडांचा. त्यावर पाच जनुके ठरलेल्या क्रमाने बसलेली असतात : एन, पी, एम, जी आणि एल. हा धागा ‘ऋण’ अर्थाचा आहे. रबरी शिक्क्यावरची अक्षरे उलटी असतात आणि कागदावर उमटल्यावरच वाचता येतात. तसेच या धाग्याची सुलटी प्रत निघाल्याशिवाय पेशीला त्यापासून प्रथिने बनवता येत नाहीत. ती प्रत काढणारे विकर विषाणू सोबत घेऊनच पेशीत शिरतो. त्याचा मुख्य भाग एल जनुकातून बनतो, आणि हे जनुक पाचांत सर्वांत लांब. प्रती काढण्याचे काम एनच्या टोकाकडून सुरू होते आणि प्रत्येक जनुकाच्या सीमेवर थोडे गळते. त्यामुळे एनच्या प्रती सर्वाधिक निघतात, एलच्या सर्वांत कमी. जी जनुकातून पृष्ठभागावरचे काटे तयार होतात. पेशीला चिकटायला तेच लागतात आणि शरीराची प्रतिपिंडेही त्यांनाच धरतात.

प्रयोगशाळेत आरएनए थेट न वाचता त्याची आधी डीएनए प्रत करतात, तिचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे वाढवतात, त्यांचा क्रम वाचतात आणि गोधडीचे तुकडे सांधावेत तसे संगणकावर सांधतात. जी जनुकाचा क्रम १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, तर संपूर्ण जनुकसंच २००५ मध्ये. इराणच्या वाळूमाश्यांत सापडलेल्या इस्फहान विषाणूचा संपूर्ण क्रमही चांदीपुरासोबतच मांडला गेला, हे तुलनेसाठी फार उपयोगी ठरले. दूरची नाती जोडताना एल जनुकावर भर असतो, कारण ते सर्वांत सावकाश बदलते. जवळच्या नमुन्यांतला फरक पाहायला जी अधिक बोलके.

या वाचनाची खरी कसोटी २००३ मध्ये लागली. त्या वर्षी आंध्र प्रदेशात (तेलंगण तेव्हा त्यातच होते) ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला आणि १८३ दगावली. अनेक मुले लक्षणे दिसल्यापासून दोन दिवसांच्या आत गेली. नऊ रुग्णांच्या नमुन्यांत चांदीपुराचा आरएनए मिळाला. त्यांपैकी पाच नमुन्यांचा क्रम १९६५ च्या मूळ विषाणूशी सुमारे ९७ टक्के जुळला. म्हणजे हा कोणी नवा शत्रू नव्हता. जवळजवळ चाळीस वर्षे ओळखीचा, पण किरकोळ समजून दुर्लक्षिलेला विषाणू होता. त्याच वर्षी महाराष्ट्रात, २००४ मध्ये पूर्व गुजरातमध्ये आणि २००७ मध्ये नागपूर विभागातही त्याचे रुग्ण आढळले.

वाळूमाशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, मातकट रंगाची. बसली की पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उभे धरते. उडताना आवाज करत नाही, भिंतीवर उड्या मारल्यासारखी सरकते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याचे ओलसर कोपरे, शेण-कचऱ्याचा ढीग ही तिची वाढण्याची जागा. विषाणू मादीकडून अंड्यांमार्फत पुढच्या पिढीत जातो, असे प्रयोगांत दिसले आहे. भारताबाहेर पश्चिम आफ्रिकेतही चांदीपुरा विषाणू मिळाला आहे.

२०२४ मध्ये भारतात, मुख्यतः गुजरातमध्ये, जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ जणांत चांदीपुरा विषाणूची खात्री झाली. उरलेल्यांचे कारण दुसरे असू शकते, किंवा नमुना घ्यायला उशीर झाला असेल. कारण रक्तातला हा आरएनए फार दिवस टिकत नाही. म्हणून तापाच्या पहिल्या दिवसांतच घेतलेला आणि थंड ठेवून पाठवलेला नमुना निदानालाही हवा आणि क्रमवाचनालाही.

या विषाणूवर लस नाही आणि खास औषधही नाही. झटके आटोक्यात ठेवणे, मेंदूची सूज उतरवणे, श्वास सांभाळणे एवढेच उपचार आहेत. पावसाळ्यात मुलाला एकदम जोराचा ताप चढून उलट्या किंवा झटके सुरू झाले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.