चांदण्यात मोजलेला डोंगर

दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना एक अडचण हमखास येते. विटा-दगड रचले, वर गोणपाट टाकले, चिखल लिंपला, आळीव पेरले. तरीही डोंगर डोंगरासारखा दिसत नाही, मातीच्या ढिगासारखाच दिसतो. कारण ढिगाचा उतार सगळीकडून सारखा असतो. खऱ्या डोंगराला कुठे तुटलेला कडा असतो, कुठे पाण्याने पाडलेली घळ, तर कुठे मध्येच सपाटी. हे सारे प्रमाणात दाखवायचे तर आधी डोंगर पायी फिरून मोजावा लागतो. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या एका माणसाने या कामात 24 वर्षे घालवली. त्यापायी हेर समजून त्याला दोनदा अटकही झाली.

त्याचे नाव फ्रान्झ लुडविग फीफर. जन्म 1716 चा, गाव ल्युसर्न. त्या काळात अनेक स्विस घराण्यांतील मुले परदेशी राजांच्या सैन्यात नोकरी करत. फीफरही फ्रान्सच्या सैन्यात होता आणि लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. 1762 च्या सुमारास त्याने मध्य स्वित्झर्लंडच्या पर्वतीय मुलखाची प्रतिकृती करायला घेतली. ती 1786 मध्ये पूर्ण झाली, तेव्हा त्याने सत्तरी गाठली होती. प्रतिकृती साधारण 6.6 मीटर लांब आणि 3.9 मीटर रुंद आहे. प्रमाण सुमारे 1:11,500. म्हणजे जमिनीवरचे एक किलोमीटर अंतर तिथे नऊ सेंटिमीटरच्या आत बसते.

विल्यम कॉक्स या इंग्रज प्रवाशाने हे काम चालू असताना पाहिले आणि त्याबद्दल लिहून ठेवले. कोळसा, चुना, चिकणमाती आणि थोडे डांबर यांचा लगदा, त्यावर मेणाचा पातळ थर. हे मिश्रण इतके टणक होई की त्यावर पाय दिला तरी काही बिघडत नसे. वर निसर्गात दिसतात तसे रंग. ओक, बीच आणि पाइनची जंगले वेगवेगळी ओळखू येत. रस्तेच नव्हे, तर पायवाटाही दाखवलेल्या होत्या. मोजमापासाठी डोंगरात मुक्काम असताना फीफर सोबत काही शेळ्या हाकत नेई, कारण तिथे त्यांच्या दुधाचाच आधार असे.

कॉक्सने नोंदवलेली आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. काही प्रांतांत गावकरी उघड्या मैदानावर सभा भरवून स्वतःचा कारभार स्वतः ठरवत. तिथल्या शेतकऱ्यांना फीफरचे मोजमाप मान्य नव्हते. आपल्या मुलखाचा इतका बारीक नकाशा तयार झाला तर आपले स्वातंत्र्य धोक्यात येईल, असे त्यांना वाटे. त्यामुळे फीफरला अनेकदा रात्री, चांदण्याच्या उजेडात शिखरांची उंची मोजावी लागे.

शेतकरी चुकले होते का?

या संशयाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण शेजारच्या फ्रान्सकडे पाहा. चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्हा याने 1668 पासून तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती करवून घ्यायला सुरुवात केली होती. प्रमाण बहुतेक 1:600. तोफ कुठे लावायची, कोणत्या उंचवट्यावरून तटाचा मारा चुकवता येईल, हे राजाला आणि सेनापतींना दरबारात बसून कळावे, हा त्यामागचा हेतू. हा संग्रह सामान्यांसाठी खुला नव्हता. आणि स्विस डोंगर मोजत फिरणारा हा गृहस्थ त्याच फ्रान्सच्या सैन्यातला अधिकारी होता. डोंगर हीच ज्यांची तटबंदी, त्यांनी आपल्या पायवाटा अशा माणसाच्या हाती कशा द्याव्यात?

1798 मध्ये फ्रेंच फौजा स्वित्झर्लंडमध्ये घुसल्या आणि जुने संघराज्य कोसळले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ल्युसर्नजवळच्या निडवाल्डनमधील लोकांचा उठाव त्यांनी चिरडला. शेकडो माणसे मारली गेली, घरे जाळली गेली. फीफरच्या प्रतिकृतीमुळे हे घडले असे म्हणता येणार नाही. पण धोका कुठून येऊ शकतो, याचा शेतकऱ्यांचा अंदाज चुकीचा नव्हता.

सुताराच्या हातातला डोंगर

पुढचा अध्याय त्याच डोंगरात जन्मलेल्या माणसाने लिहिला. योआखिम ऑयगेन म्युलर हा एंगेलबर्गचा सुतार. आराउचे व्यापारी योहान रुडॉल्फ मायर यांनी स्वखर्चाने देशाचे मोजमाप सुरू केले, तेव्हा म्युलर त्यात सामील झाला. प्रत्यक्ष डोंगरात फिरून त्याने जिप्समच्या प्रतिकृती घडवल्या. त्यांच्या आधारे 1796 ते 1802 या काळात स्वित्झर्लंडचा 16 पानांचा नकाशासंग्रह छापून निघाला. लोकांच्या भीतीचे कारण असलेला नकाशा आता दुकानात विकत मिळू लागला. मात्र म्युलरची मोठी प्रतिकृती पुढे फ्रान्सच्या सरकारनेच विकत घेतली!

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आल्बर्ट हाइम या भूगर्भशास्त्रज्ञाने या कलेला आणखी एक शिस्त लावली. खडकाचे थर कसे वाकले, हिमनदीने काय कोरले, हे समजल्याशिवाय डोंगर घडवू नये, असा त्याचा आग्रह होता. सेंटिस पर्वताची 1:5000 प्रमाणातली प्रतिकृती त्याच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाली. आज छोट्या रेल्वेगाड्यांसाठी जाळी आणि प्लास्टरचे डोंगर करणारे हौशी लोकही याच वाटेने जातात. आधी खडक पाहायचा, मग हात लावायचा.

फीफरची प्रतिकृती आज ल्युसर्नच्या ग्लेशियर गार्डन संग्रहालयात आहे. तिकीट काढून कोणीही तिच्यासमोर उभे राहू शकतो. तिथे जनरलचे नाव लिहिलेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याला चांदण्यात काम करायला लावणारे शेतकरीही त्या इतिहासाचे वाटेकरी आहेत. आपला मुलूख कोण मोजतो आणि कशासाठी, हा प्रश्न त्यांनी वेळेवर विचारला होता.