‘तर’ आणि ‘तरच’

१. ‘तिकीट असेल तरच आत सोडतात’ या वाक्याचे चिन्हांकन करताना बाणाची दिशा नीट पाहावी. ‘तिकीट आहे’ याला त आणि ‘आत सोडतात’ याला स मानल्यास वाक्याचे रूप ‘स → त’ असे होते, ‘त → स’ नव्हे. तिकीट ही आवश्यक अट आहे. सभागृह भरल्याने तिकीटवाल्यालाही परत पाठवले, तरी वाक्य खोटे ठरत नाही. नुसता ‘तर’ पर्याप्त अट सांगतो : ‘पाऊस पडला तर अंगण ओले होते’, म्हणजे ‘प → अ’. असे विधान पूर्वांग (‘तर’च्या आधीचा भाग) खरे आणि उत्तरांग (नंतरचा भाग) खोटे असेल तेव्हाच खोटे ठरते. ही कसोटी ग्रीक तर्कज्ञ फिलो याने इ. स. पू. ३०० च्या सुमारास मांडली. जर्मन तर्कज्ञ फ्रेगे याने १८७९ मध्ये तिला चिन्हरूप दिले. ‘पाऊस वेळेवर आला असता तर पीक वाचले असते’ या वाक्याला मात्र ती पुरत नाही. येथे ‘आला असता’ हे रूपच पाऊस वेळेवर आला नाही असे सुचवते. त्या कसोटीनुसार पूर्वांग खोटे, म्हणून विधान आपोआप खरे. आणि ‘पाऊस वेळेवर आला असता तर पीक बुडाले असते’ हेही तितकेच खरे! वाचकाने आधी क्रियापदाचे रूप पाहावे, मगच बाण काढावा. — संपादक