अटॅग्ज तोफ

वाहनाने ओढून न्यायची, १५५ मिलिमीटर व ५२ कॅलिबरची भारतीय तोफ. पूर्ण नाव ‘ॲडव्हान्स्ड टोड आर्टिलरी गन सिस्टिम’. ‘डीआरडीओ’ या संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातील पाषाण येथील ‘एआरडीई’ या प्रयोगशाळेने २०१२ पासून भारत फोर्ज आणि टाटा समूह या खासगी उद्योगांसोबत ती विकसित केली. तोफेचा पल्ला ४५ किलोमीटरच्या पुढे जातो. पण या प्रकल्पाचे खरे महत्त्व भागीदारीच्या पद्धतीत आहे. कारखानदार आराखड्याच्या टप्प्यापासून सोबत असेल, तरच तंत्रज्ञान देशात मुरते. याचा उलटा पुरावा स्वीडनच्या बोफोर्स तोफेच्या रूपाने समोर आहे. १९८६ च्या कराराने ४१० तोफा आल्या, तंत्रज्ञानाचे कागदही मिळाले. मात्र त्यांवरून ‘धनुष’ ही भारतीय तोफ घडवून सैन्याच्या हाती द्यायला २०१९ उजाडले. कागद हाती असणे आणि कारागिरी अंगी असणे यांत एवढे अंतर असते. उदाहरणार्थ, तोफेची नळी घडवताना आतल्या पृष्ठभागावर प्रचंड दाब देऊन धातू किंचित ताणतात. दाब काढल्यावर बाहेरचा थर आतल्या थराला आवळून धरतो, म्हणून बार उडताना नळी तडकत नाही. तो दाब किती द्यायचा आणि पोलाद कोणत्या प्रतीचे घ्यायचे, हे भट्टीशेजारी उभे राहूनच उमगते. मोटारींचे क्रँकशाफ्ट घडवण्यात हयात घालवलेल्या भारत फोर्जकडे पोलाद घडाईचे ज्ञान आधीपासून होते. प्रयोगशाळेने त्याला तोफेची दिशा दिली.

सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनावर खासगी कंपन्या नफा कमावतात, हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. त्यावरचा खरा उतारा म्हणजे आराखडा सरकारी संस्थेच्या हाती ठेवून निर्माते दोन नेमणे. येथे तसेच झाले. मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफा आणि त्या ओढणाऱ्या वाहनांसाठी सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार झाले, तेव्हा कमी बोलीच्या भारत फोर्जला १८४ आणि टाटांना १२३ तोफा मिळाल्या. एकच निर्माता असता, तर किमतीबाबत सरकारचे हात बांधले गेले असते. दुसरा आक्षेप विलंबाचा. २०२० मध्ये पोखरणला चाचणीत एक नळी फुटली, काही जण जखमी झाले आणि वेळापत्रक पुढे ढकलले गेले. तयार परदेशी तोफ लवकर आली असती, हेही खरे. पण परदेशी तोफेत असा दोष निघाला, तर तो शोधण्याचा अधिकारही बहुधा विक्रेत्याकडेच राहतो. येथे चौकशी आणि दुरुस्ती घरच्या घरी झाली. सुमारे १८ टनांचे वजन ही उणीव मात्र कायम आहे. डोंगरी सीमेवर ती जाचते. दारूगोळ्याचा कक्ष नेहमीच्या २३ ऐवजी २५ लिटरचा ठेवल्याने पल्ला वाढला, पण वजनही त्याबरोबर आले. खरी ढिलाई निर्णयात झाली: २०१७ मध्ये प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दिसलेल्या तोफेची भारतीय सैन्यासाठी पहिली मागणी नोंदवायला आठ वर्षे गेली. एवढा काळ सैन्याच्या मागणीविना यंत्रे आणि कुशल माणसे राखणे मोठ्या समूहांना जमते. सुटे भाग पुरवणाऱ्या, पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांना ते परवडत नाही.